जरा जास्तच उजेड

दत्तात्रेय मास्तरांचं डोकं फोटो मोठे करून छापायच्या एन्लार्जरच्या लोखंडी दांड्याने फोडलं होतं, आणि एका घावात नव्हे. रोह्याच्या त्यांच्या स्टुडिओत, फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, औषधांचे ट्रे उलटले होते. औषध आणि रक्त मिसळून उंबऱ्याबाहेर आलं होतं. मास्तरांच्या मुठीत एका फाटक्या फोटोचा तुकडा होता. त्या चिखलात गुडघे टेकून बसलेला केरू बाजारातल्या लोकांना सापडला.

पुढचा न्याय लोकांनी तिथेच उरकला. केरूच्या बरगड्या, जबडा आणि उजवा हात मोडेपर्यंत कुणाचा हात थांबला नाही. पोलीस वेळेवर आले म्हणून एकच प्रेत उचलावं लागलं.

केरूची बायको बायजा पेणला रोहिणी म्हात्रेच्या दारात येऊन बसली. रोहिणी पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. आता खासगी तपास करायची. तिची जीप विठू पाटील चालवायचा. विठू मूळचा रोह्याचा, निवृत्त एसटी ड्रायव्हर. समोर येईल तो माणूस खुनी, असं त्याचं साधं मत होतं.

"ताय, आमच्या मालकानी खून नाय केला," बायजा म्हणाली.

"धमकी दिली होती ना?"

"दिली व्हती. मिठागरावर मिठाची पाटी डोक्यावर घेतलेला माझा फोटू स्टुडिओच्या काचंत लावला व्हता. तोंड लख्ख दिसत व्हतं. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं तिथं उभी राहून नको नको ते बोलायची. हा म्हणला, फोटू काढ नायतर हात तोडीन. त्या दुपारी परत गेला, तर मास्तर पडलेलं. उचलाया बसला, रगात लागलं."

"आता कुठे आहे?"

"इस्पितळात. सोमवारी तुरुंगात हलवणार. ज्यांनी मारला त्यांचंच भाऊबंद तिथं हायत. तिथून तो जिता यायचा नाय."

ती रडत नव्हती. रोहिणीला तेच सोसलं नाही.

बायजा गेल्यावर विठू म्हणाला, "धमकी दिली, रक्तात सापडला. पोलीस म्हणतात, मुठीतला तुकडा बायजाच्या फोटोचा, आणि तो फोटोही त्यानेच फाडला. आणखी काय हवं?"

"फोटो केरूने फाडला, तर तुकडा मास्तरांच्या मुठीत कसा? जीप काढा, विठूदादा."

मास्तरांचा शिष्य प्रविण खांब गावात राहत होता. स्टुडिओला सील लागल्यापासून गिऱ्हाइकांचे रोल तो घरीच धुवायचा. पोरगा हुशार, बोलायला गोड. भिंतीवर धाटावच्या एका कंपनीच्या कॅलेंडरचा नमुना होता. त्यावर बायजाचा तोच लख्ख चेहरा, आणि खाली प्रविणचं नाव.

"मी त्या दुपारी पेणला होतो," तो म्हणाला आणि एक काळापांढरा फोटो पुढे केला. "पोलिसांनाही दिलाय."

फोटोत मूर्तिकार कान्हूचा कारखाना होता. मागे फळ्यांवर गणपतींच्या रांगा, पुढे स्टुलावर प्रविण, आणि बाजूच्या मोठ्या दारातून दिसणाऱ्या गल्लीत उलटलेला टेम्पो.

"टायमर लावून मीच काढला. टेम्पो दुपारी उलटला आणि उन्हं उतरायच्या आत उचलला. मास्तरांना तेव्हाच मारलं. मी दोन्हीकडे कसा असेन?"

रोहिणीने फोटो उजेडात धरला. "कारखान्यात काळोख, बाहेर मे महिन्याचं ऊन. तरी दोन्ही इतकं स्वच्छ कसं आलं?"

"ते छापताना करतात. कागदावर जितका उजेड पडेल तितका तो काळा होतो. सावलीवर थोडा वेळ हात आडवा धरायचा, म्हणजे ती उघडते. दाराला जास्त उजेड द्यायचा, म्हणजे तिथला पांढरेपणा दबतो."

"मास्तरही करायचे?"

"कंजूषपणे. सावलीला सावलीसारखं राहू दे, हे त्यांचं पालुपद. लोकांना त्यांचे फोटो काळे वाटायचे. माझे खपतात."

"बायजाचा फोटो तुझा?"

"माझाच," तो जरा घाईने म्हणाला.

"आणि या फोटोची निगेटिव्ह?"

"धुताना ओरखडली. टाकून दिली."

बाहेर येताच विठू म्हणाला, "हा सुटला. फोटो मात्र झकास काढलाय."

"झकासच. जरा जास्तच झकास." मागून घेतलेली प्रत रोहिणीने पिशवीत टाकली.

पेणला कान्हू आपल्या कारखान्यात भिंतीला पाठ लावून बसला होता.

"प्रविण कधीही येतो, फोटो काढतो. त्या दिशी आला का नाय, मी बघितला नाय. आदल्या दिशी सगळी आखणी उरकली नि माझी पाठ धरली. परदेशी जाणारा माल, एकूण एक मूर्ती तयार. अर्धा माल टेम्पोत चढवला, तवर टेम्पो कलंडला. आमी सगळं बाहेर पळालो."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. रंग, दागिने सगळं झाल्यावर, अगदी शेवटी ते करतात. पेणमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. विठूला सांगावं लागलं.

टेम्पोवाला शिवा गल्लीतच भेटला. विठूने त्याच्यावर लगेच डोळे वटारले, कारण मास्तरांनी त्याला एकदा स्टुडिओतून हाकललं होतं.

"व्हय, हाकलला," शिवा म्हणाला. "मागं एकदा गाडी चेपली, तवा म्हणलो फोटोत जरा जास्त चेपलेली दाखवा. म्हातारा तापला. म्हणून या टायमाला विम्याचे फोटो मीच काढले. हितूनच, कान्हूच्या दारातून. दुसऱ्या दिशी रोल खांबला प्रविणला दिला. त्यानं धुतला, पण एक निगेटिव्ह गहाळ केली."

रोहिणीने भिंग काढलं आणि जीपच्या बॉनेटवर फोटो ठेवून बराच वेळ पाहिला. मग तिने फौजदारांना फोन लावला.

सोमवारी सकाळी फौजदारांनी स्टुडिओचं सील तोडलं. आत रक्त वाळून काळं पडलं होतं. प्रविण, कान्हू आणि शिवा दाटीने उभे राहिले. विठू दाराशी थांबला. रोहिणी मास्तरांच्या कपाटातून निगेटिव्ह काढून बघत होती.

"हा फोटो एका निगेटिव्हचा नाही, दोनांचा आहे," ती म्हणाली. "काळोखातलं टिपायचं तर कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. मग उन्हातलं दार पांढरंफटक येतं. प्रविणकडे असा जुना फोटो होता. त्या कोऱ्या दारात त्याने शिवाची हरवलेली निगेटिव्ह छापली."

"हे तुमचं म्हणणं," प्रविण हसला. "सावली उघडणं हा गुन्हा आहे का?"

"नाही. किती उघडावी, एवढाच प्रश्न असतो. तुझा चेहरा अंधारात होता. तो दिसल्याशिवाय पुरावा झाला नसता, म्हणून तू सावली उघडलीस. तिथेच थांबतास तर वाचला असतास. तुझा हात थांबत नाही. तू मागच्या फळ्यांपर्यंत सगळं उजळलंस." तिने भिंग कान्हूला दिलं. "मूर्तींचे चेहरे बघा."

कान्हूने एकेक रांग पाहिली. "डोळं नायत. एकालाबी नायत."

"टेम्पो उलटला त्या दिवशी कान्हूच्या कारखान्यात डोळ्यांविना एकही मूर्ती नव्हती. आखणी आदल्याच दिवशी संपली होती. म्हणजे हा त्याआधीचा प्रविण आहे. खुनाच्या दुपारचा नाही."

फौजदार प्रविणच्या बाजूला सरकले. रोहिणीने निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरली.

"बायजाची निगेटिव्ह मास्तरांच्या रोलात आहे. त्यांनी तिचा चेहरा पाटीच्या सावलीत ठेवला होता. तू तो उजळलास, काचेत लावलास, आपल्या नावाने कॅलेंडरला दिलास. केरूच्या धमकीनंतर मास्तरांनी काचेतला फोटो नीट पाहिला आणि तो आपल्याच निगेटिव्हचा आहे, हे त्यांना कळलं. त्या दुपारी त्यांनी स्वतः तो फोटो काचेतून उतरवून फाडला, म्हणून तुकडा त्यांच्या मुठीत राहिला. केरू आला तेव्हा भांडायला काही उरलंच नव्हतं. मास्तर कॅलेंडरवाल्या कंपनीला सगळं सांगणार होते, आणि तुझं नाव पुसलं जाणार होतं."

प्रविणचा चेहरा बदलला. त्याने कागद कापायच्या यंत्राचं पातं उपसलं आणि थेट रोहिणीवर धाव घेतली. विठू मध्ये पडला. पात्याने त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला, पण दुसऱ्या हाताने त्याने प्रविणचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं. दोन शिपाई अंगावर बसले तरी तो ओरडत होता, "म्हाताऱ्याने माझा फोटो माझ्यासमोर फाडला. माझ्यासमोर."

विठूच्या जखमेला टाके पडले. त्याच इस्पितळात केरू होता, आणि त्याच्या दाराशी आता पोलीस नव्हता. रोहिणीने मास्तरांनी स्वतः छापलेला फोटो त्याच्या छातीवर ठेवला. मिठाचे पांढरे ढीग, पाटी तोललेली बाई, आणि पाटीखाली नुसती सावली.

"यात तर तोंडच दिसत नाही," विठू म्हणाला.

केरूने डाव्या हाताचं बोट त्या बाईच्या कोपरावर ठेवलं. "बायजा," तो बांधलेल्या जबड्यातून कसाबसा बोलला.

बायजाने पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली.

केरू आपल्या मोडक्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असा फोटू असता तर मी भांडाया गेलोच नसतो. त्या मास्तरला मी हात तोडीन म्हणलो, गो."