स्थळ पसंत आहे

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. घरापुढच्या खळ्यात मी उकडलेलं भात वाळत घालत होते, आणि गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडे एक माणूस उभा होता.

नुसता उभा असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याने दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली होती, एक डोळा मिटला होता, आणि त्या चौकटीतून तो आधी आमच्या घराकडे बघत होता, मग विहिरीकडे... मग माझ्याकडे.

"काय हरवला काय तुमचा?" मी विचारलं.

तो दचकला. "न्हाई वो. मी स्थळ बघायला आलोय."

हातातलं सूप तिथंच टाकून मी आत पळाले. "आये गो, कोणतरी स्थळ बघूक इलो आसा!"

"असो? निरोप धाडल्याशिवाय?" आवस, माझी आई, करवादली. पण पाहुणा तो पाहुणा. तिने ओटीवर घोंगडी पसरली, परसात जाऊन बाबांना हाक मारली, पोह्यांना फोडणी दिली आणि मला धुवट लुगडं नेसवून दाराआड उभं केलं.

पाहुण्याने नाव सांगितलं, दौलत चौगुले. गाव कोल्हापूर. 'घाटावरचो' म्हटल्यावर बाबांचं तोंड उतरलं, तरी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मगे? पसंत आसा?"

"लई पसंत!" तो पोहे खात म्हणाला. "मागची बाजू तर झकास हाय. पुढनं जरा पडेल वाटतंय, पर रंग मारला की झाकून जाईल."

दाराआड माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वय किती म्हणायचं?"

"एकोणीस," आवस म्हणाली.

"एवढंच? दिसतंय साठ-सत्तर वर्षांचं!"

बाबा उठून उभे राहिले. त्या शहाण्याला ते दिसलंही नाही. "आणि एक सांगतो. आमास्नी कायमचं नको हाय. पंधरा दिस वापरू, आन् होतं तसं परत आणून देऊ."

बाबांनी भिंतीवरचा कोयता काढला. त्यांच्या आधी मीच दार ढकलून बाहेर आले.

"पुढून पडेल कोण? साठ वर्साचा कोण आसा हय?"

त्याच्या तोंडात घास होता. तो कसाबसा गिळून तो ओरडला, "घर! घराचं बोलतोय मी! सिनेमाच्या शूटिंगला स्थळ पायजे आमच्या कंपनीला!"

मग त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी बोटांची चौकट नव्हती. त्याचे कान लाल होत गेले. "तुमचं म्हणाल तर... न्हाई, पडेल न्हाई. रंगाची तर गरजच न्हाई."

"पोहे खावा आणि चालते व्हा," मी म्हटलं.

तो पोहे खाऊन गेला, आणि आठवड्याने अख्खी कंपनी घेऊन आला. सगळ्या वाडीला सिनेमाचं वेड लागलेलं, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी एकच अट घातली. आमच्याकडे कुठलंही काम देवीला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. भगवतीच्या देवळात सगळे जमले. बाबली गुरवाने नारळ हातात धरला आणि देवीला मागणं मागायला सुरुवात केली. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे अख्खी वाडी एका सुरात ओरडायची, "व्हय म्हाराजा!" त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्या आवाजाचा त्यांना फार अभिमान होता.

दौलत माझ्या बाजूला येऊन गालात हसत होता. "बाबलीतात्या काय पण मागूदेत, तुम्ही आपलं व्हय म्हणता?"

"हसतास कित्याक?" मी म्हटलं. "गाऱ्हाण्यात एकदा व्हय म्हटला की म्हटला. तो शब्द देवीकडे जाता. मागे फिराचा नाय."

"असं व्हय?" तो म्हणाला, आणि हसायचा थांबला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मग पंधरा दिवस काय सोसलं ते माझं मला ठाऊक. आमच्या कोंबड्या ओरडतात म्हणून त्यांना शेजाऱ्यांकडे पाठवलं. वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांचा वास नटीला सोसेना म्हणून ते माडाखाली नेले, ते कावळ्यांनी खाल्ले. तुळस डावीकडची उजवीकडे गेली. आवस रोज सकाळी डावीकडे पाणी घालायची, मग कपाळावर हात मारून उजवीकडे यायची.

आणि एके दिवशी त्यांना पाऊस पाहिजे झाला. ऊन कडकडीत, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि यांना पाऊस! आमच्याच विहिरीचं पाणी काढून, शिडीवर चढून, झारीने तो पाडायचा. झारी कुणाच्या हातात? दौलतच्या.

मी खळ्याच्या कडेला वाळत टाकलेलं भात गोळा करायला धावले. वरून बघणाऱ्याचं लक्ष नटीवर पाहिजे की नाही? नव्हतं. सगळी धार माझ्या डोक्यावर आली, आणि उरलेली भातावर.

"कट!" कंपनीचे दिग्दर्शक साहेब ओरडले. "दौलत, पाऊस कुठं पाडतोयस?"

केसांतून पाणी निथळत होतं. मी वर बघितलं. तो शिडीवर थिजल्यासारखा उभा होता, आणि रिकामी झारी अजून वाकडीच धरलेली.

"आता ह्या भात आंबतला," मी म्हटलं. "तुमच्या कोल्हापुरात पाऊस असोच पडता?"

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "असा... पहिल्यांदाच पडला."

मला राग आला होता. खरंच आला होता. पण संध्याकाळपर्यंत तो माणूस ते भात चटईवर पसरून बसला, हाताने वरखाली करत, कावळे हाकत. आवशीने दया येऊन त्याला जेवायला बसवलं. त्या दिवसापासून तो रोज आमच्याकडेच जेवायला, आणि पानात रोज बांगड्याचं तिखलं, झणझणीत कालवण. एकेक काटा उजेडात धरून बघायचा, आणि अर्धा मासा पानात टाकून उठायचा.

"मासो नाय, बाँब खाताहास जसो," मी म्हणायचे.

"शिकवा की मग," तो म्हणायचा.

मी शिकवायचे. आधी पाठीकडून सोडवायचा, मग पोटाकडून. तो माशाकडे कमी बघायचा.

कंपनीचं काम संपत आलं तसं मला विहिरीवर उगाच जास्त पाणी लागायला लागलं. तिथंच त्याने विचारलं, "नर्मदा... तुझ्या बाबांस्नी विचारू?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मला कळलंच नव्हतं.

"इचारा," मी घागरीकडे बघत म्हटलं. "कोयतो अजून थंयच आसा."

त्याने विचारलं. बाबांनी कोयता नाही काढला. ते शांतपणे म्हणाले, आणि तेच जास्त वाईट होतं, "झिला, तू बरो आसस. पण ज्या मुलखात समुद्र नाय, त्या मुलखात मी माझा चेडू देवचंय नाय."

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कंपनी निघणार होती, आणि निघायच्या आधी देवीचं आभाराचं गाऱ्हाणं होतं. बाबली गुरवाने नारळ दौलतच्या हातात दिला. "काम तुमच्या कंपनीचा झाला. मगे गाऱ्हाणा तूच घाल, बघूया जमता काय!"

सगळे हसले. मी हसले नाही. बायकांत मागे उभी होते.

दौलतने डोळे मिटले.

"आई भगवती, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आम्ही कोल्हापूरची लेकरं तुझ्या पायाशी आलो, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तू आमास्नी सांभाळलंस, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला एक ठेका असतो. एकदा लागला की तोंड आपोआप चालतं. बाबांनी डोळे मिटले होते आणि आवाज चढवला होता.

"ज्या स्थळासाठी आलो ते स्थळ पसंत पडलं, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर भिकाजीबाबांची नर्मदा कोल्हापूरला सून म्हणून जावी, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. देवळात तो एकटाच घुमत राहिला, कारण बाकीचे तोवर गप्प झाले होते.

बाबांनी डोळे उघडले. "ह्या... ह्या काय झाला?"

"काय होतला?" बाबली म्हणाला. "तूच व्हय म्हटलंस, भिकाजी. तो शब्द आता देवीकडे ग्येलो."

"माका फसवल्यान! माझ्याच तोंडान माका फसवल्यान!"

"आणि माका?" मी बायकांतून पुढे आले. अंगाचा नुसता संताप झाला होता. "बाबांनी व्हय म्हटला. माका कोणी इचारल्यान?"

सगळी वाडी माझ्याकडे वळली. दौलतने नारळ छातीशी धरला.

"माझा भात भिजवलास," मी त्याला म्हटलं.

"व्हय म्हाराजा," तो पुटपुटला.

"कोंबडी भायर घातलास. बांगडे कावळ्यांका घातलास."

"व्हय म्हाराजा."

"माका साठ वर्साचा म्हटलास!"

"ते घराला... व्हय म्हाराजा."

"पुढे असा करशात?"

"न्हाई म्हाराजा!"

देवळात हशा पिकला. हसू दाबायला आवशीने तोंडाला पदर लावला होता. मी बाबांकडे बघितलं. ते देवीकडे बघत होते, आणि मग हळूच, रागातच, त्यांनी मान हलवली.

"मगे..." मी म्हटलं. "मगे व्हय म्हाराजा."

पुढच्या वर्षी तो सिनेमा कोल्हापुरात लागला. लेकीचं घर बघायला बाबा घाट चढून आले होते, त्यांनाही नेलं. बाबा पहिल्या खेळाला, नवं धोतर नेसून, आमचं घर कधी दिसतं म्हणून डोळे ताणून बसले. सिनेमा संपला. घर नाही, विहीर नाही, तुळस नाही. सगळं कापून टाकलेलं. पाऊस होता, तोही दुसऱ्याच कुठल्या गावाचा.

बाहेर आल्यावर बाबांचा पारा चढला. "मेल्यांनी काय्येक दाखवल्यानी नाय! मगे इतके दिस माझ्या घराकडे बसान करीत काय होते हे?"

आमचे हे माझ्याकडे बघत म्हणाले, "स्थळ बघत होतो, बाबा."