घागरीवरचं डांगर

“ओ भाऊ, डांगर शे ते, नवरी नही! कितला येळ दखशात?”

हे तोंडून निसटलं आणि कमलीनं जीभ चावली. प्रकाशा गावाच्या खाली, तापीच्या वाळूत तिच्या बापाची, चुनीलालची, वाडी होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खरबुजांचे वेल वाळूवर पसरायचे. त्या खरबुजांना तिकडे डांगर म्हणतात. कमली खोपीत बसून ती विकायची. गिऱ्हाईक यायचं, वास घ्यायचं, उचलून चालू लागायचं. हा पांढऱ्या टोपीचा तरणा मात्र मघापासून एकेक डांगर उन्हात धरून फिरवत होता.

“नवरीले इतलं दखू कोन देस?” तो हसला. “आनि माले खावाले नही पाहिजे. चितर काढनं शे.”

“डांगरनं चितर? त्यानापेक्षा खाई टाका ना… गोड शे.”

“चितर बी गोड व्हई,” तो म्हणाला. त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग घाईघाईनं डांगराकडे.

हा रूपचंद. गाव ब्राह्मणपुरी, शहाद्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. सुट्टीत प्रकाशाला मावशीकडे आला होता. पुस्तकातली सफरचंदं आणि काचेचे पेले गिरवून त्याचा जीव विटला होता. त्याला आपल्या घरातलं काहीतरी काढायचं होतं, आणि आखाजी तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला खानदेशात घरोघर पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. तिच्यावर डांगर ठेवतात, दोन आंबे ठेवतात. पितरांना दाखवल्याशिवाय घरातलं शेंबडं पोरसुद्धा आंब्याला दात लावत नाही. दरवर्षी ही घागर मांडली जाते आणि तिच्याकडे धड कुणी बघत नाही, असं रूपचंदचं म्हणणं.

“मंग तुम्हीन बठा बघत,” कमली म्हणाली, आणि घरची घागर आणून तिनं खोपीच्या सावलीत ठेवली, वर डांगर आणि दोन आंबे.

तो रोज येऊ लागला. ती वेलांना पाणी घालायची आणि मध्येच मागे येऊन उभी राहायची. वाऱ्यानं तिचा पदर उडायचा, त्याचा कागद उडायचा, आणि दोन्ही सावरताना दोघांची फजिती व्हायची. तो गेला की ती हळूच डांगर थोडंसं फिरवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सावली चुकायची, मास्तर डोकं खाजवायचा, पुसून पुन्हा काढायचा. चित्र संपलं की हा माणूस जाणार, एवढंच तिला कळत होतं. आणि तो जायला नको होता. कमली प्रेमात पडली होती, हे वाडीतल्या बुजगावण्यालाही कळलं असतं. मास्तरला तेवढं कळत नव्हतं, किंवा कळून धीर होत नव्हता.

शेवटी तिनंच विषय काढला. “आखाजीले दुपारे तळोदाना पाव्हना येतीन. माले दखाले.”

ब्रश थांबला. “मंग…?”

“मंग काय! मी हो म्हनी देसू. नही म्हनाले कोनी सांगेल शे का माले?”

ती वाट पाहत राहिली. मास्तर पिवळ्यात तांबडा कालवत राहिला, इतका, की त्याचा चिखल झाला. कमली रागारागानं निघून गेली.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी चुनीलालच त्याच्या मावशीच्या दारात हजर झाला. पितरांच्या जागी कुणाला तरी जेवायला बसवायची रीत. त्या दिवसापुरता तो माणूस म्हणजे घरातला गेलेला वडीलधारा. “औंदा पित्तर म्हनीसन तुम्हीन बठा, मास्तर. मन्हा बापले बी असंच वाळूमा गप बठानं भलतं आवडे.”

आमंत्रण कमलीच्या घरचं! रूपचंदनं आनंदाच्या भरात हो म्हणून टाकलं. आपण उद्या तिचे आजोबा होणार, हे त्याच्या डोक्यात आलं ते थेट पाटावर बसल्यावर.

त्यानं चित्र आणलं होतं, वीतभर कागदाचं. चुनीलालनं ते भरल्या घागरीशेजारी टेकवलं. घागरीच्या अंगावरून ओघळलेलं पाणी, डांगराची जाळी, आंब्याच्या देठाशी वाळलेला चीक. “हाई ते आपलीच घागर!” म्हणत तो कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग सुखावून म्हणाला, “कमले, आजाना पाया पड.”

कमली तांब्या घेऊन उभी होती. तशीच उभी राहिली.

“मी नही पडनार.”

“काबरं?”

“ह्या मन्हा आजा नहीत.”

“मंग कोन शेत?”

चुलीवर तेल तडतडत होतं. आई झारा घेऊन दारात आली. कमलीचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. “ते त्यासलेच इचारा,” ती म्हणाली.

रूपचंदनं तोंडातला सांजोरीचा घास कसाबसा गिळला.

“काका… आज मी तुम्हना बाप शे ना?”

“शेत ना.”

“बापना शब्द मोडशात?”

“आजपावत कधी मोडा नही.”

“मंग बाप सांगस… नातले तळोदाले देऊ नको. ब्राह्मणपुरीले दे. एक मास्तर शे तठे… डांगरं काढस…” इथे त्यानं बापाचं सोंग सोडलं. “माले भलती आवडस ती, काका. पहिलाच दिनले सांगाले पाहिजे व्हतं.”

चुनीलाल हनुवटी खाजवत बसला. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक. त्यानं पितरांच्या घागरीला हात जोडले आणि बायकोकडे वळून म्हणाला, “तळोदाले निरोप धाडा. सांगा, म्हातारानी ऐन येळे मोडता घाला.”

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. चुनीलाल तिच्या मागोमाग गेला. कमली आमरसाचं पातेलं घेऊन पाटासमोर वाकली.

“आखो वाढ ना… थोडा,” रूपचंद हळूच म्हणाला.

“म्हाताराले इतलं गोड पचत नही,” ती म्हणाली, आणि वाटी काठोकाठ भरली.