प्रिय आणि हिला यांच्या मधली जागा

कॉमिक उचलताना माणसं कोपरा धरून उचलतात. ह्या माणसानं मात्र दोन्ही तळवे खाली सरकवून, आरतीचं ताट उचलावं तसं ते अलगद उचललं... आणि त्याच क्षणी अपूर्वाला त्याचा संशय आला.

झालं होतं असं, की भिवंडीजवळ राहनाळच्या वळणावर एक कंटेनर नेहमीप्रमाणे वळता वळता अडकला होता. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, मध्ये अपूर्वाची स्कूटर. कुणीतरी आरसा घासून गेलं, मागची दोरी सुटली आणि खोक्यातली जुनी कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशव्यांसकट धुळीत पसरली. ती उतरेपर्यंत शेजारच्या बुलेटवरचा तो उंच, सावळा माणूस खाली बसलाही होता.

"मॅडम, कोपरा वाचला बघा. नशीब."

"कोपरा वाचला म्हणजे काय वाचलं, हे तुम्हाला कसं माहीत?" अपूर्वानं विचारलं.

"कोपरा मोडला की भाव मोडतो ना?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त मिटत होता. अपूर्वानं ते पाहिलं, आणि मग त्याच्यासमोरच कॉमिक्स दोनदा मोजली.

"मोजा, मोजा," तो म्हणाला. "एखादं कमी आलं तर मी हितंच हाय. ह्यो कंटेनर काय संध्याकाळपर्यंत हलत न्हाय."

एकही कमी नव्हतं. तिला उगाचच वाईट वाटलं.

अपूर्वाच्या अशा संशयी होण्याला कारण होतं. भिवंडीच्या जुन्या वस्तीतली ही मुलगी राहनाळच्या एका गाळ्यात काम करायची. तिथून जुनी कॉमिक्स देशभरातल्या हौशी संग्राहकांकडे जात. दोनशे रुपयांचं कॉमिक. पण ज्यानं ते काढलं त्या चित्रकाराची त्यावर सही असली की वीस हजारांना विकलं जातं. मग खोट्या सह्यांचा सुळसुळाट होणारच. खऱ्याखोट्याची पारख करून खात्रीपत्र द्यायचं, हे अपूर्वाचं काम. गेल्या वर्षी एक गोडबोल्या पेढे घेऊन आला, तिच्या बाबांची चौकशी करून गेला, आणि तिनं त्याच्या अकरा सह्या खऱ्या ठरवल्या. अकराच्या अकरा खोट्या! कंपनीचा मालक विशाल एवढंच म्हणाला होता, "अजून एक चूक झाली ना अपूर्वा, तर हे टेबल गेलं समज." हे टेबल तिचा जीव होता. तेव्हापासून ती दूधवाल्याच्या मापावरही संशय घ्यायची.

तिसऱ्या दिवशी तोच माणूस एक कॉमिक घेऊन तिच्या टेबलापुढे उभा.

"दीपेश," त्यानं नाव सांगितलं. "ह्यावरची सही खरी हाय का, ते बघायचंय."

"विकायचंय?"

"न्हाय."

"विकायचं नाही, तर खरी असली काय नि खोटी असली काय!"

"कोणाला द्यायचं असलं तर?"

"कोणाला?"

"तुमच्या फॉर्ममदी तसा रकाना हाय?"

तसा रकाना नव्हता. अपूर्वानं शेऱ्यासमोर पेन्सिलीनं 'आगाऊ' असं लिहिलं, आणि तो वाकून वाचायला लागला तसं घाईघाईनं खोडलं.

कॉमिक होतं 'सर्जा खलाशी', अंक सतरावा. माधव कारखानिसांनी काढलेलं. एके काळी शाळेतली पोरं ह्या अंकांसाठी मारामाऱ्या करायची. आतल्या पानावर सही होती: 'मा. का.' आणि खाली एक इवलीशी शिडाची होडी. कारखानिसांची ती खूणच होती. पण त्यांचं शीड नेहमी उजवीकडे फुगलेलं असायचं, आणि हे फुगलं होतं डावीकडे. तारीख दोन हजार अठरा सालची. बारा साली अर्धांगवायूनं कारखानिसांचा उजवा हात गेला होता. आता मी सही करणार नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. पुढे ते वारलेही. बारा सालानंतरची प्रत्येक सही खोटी, हा नियम अपूर्वानं टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवून ठेवला होता.

आणि त्याहून वाईट म्हणजे, सहीच्या वर लिहिलं होतं 'प्रिय'. मग दोन बोटं रिकामी जागा. मग 'हिला'.

"इथं कोणाचं नाव होतं?" तिचा आवाज नको तेवढा तीक्ष्ण आला.

"कोणाचंच न्हाय."

"नुसती सही असली की भाव चढतो," ती म्हणाली. "पण वर कोणाचं नाव असलं की ते कॉमिक त्या माणसाचं होऊन बसतं. दुसऱ्याच्या प्रियेचं नाव आपल्या कपाटात कोण ठेवेल? किंमत निम्म्यावर येते. म्हणून लोक नाव खरवडून काढतात. तुम्हीही तेच केलंत."

"निम्मी?" त्यानं विचारलं. "एका नावानं?"

"एका नावानं."

यावर त्यानं रागवायला हवं होतं, निदान ओशाळायला तरी. तो चक्क खूश झाला! हा माणूस साधा नाही, हे अपूर्वाच्या मनानं पक्कं केलं. तपासणीसाठी आठवडा लागेल, असं सांगून तिनं कॉमिक ठेवून घेतलं.

तो गेल्यावर विशाल लगबगीनं आला. "केसरीनाथशेठचा मुलगा तो. हा आणि शेजारचे पाच गाळे त्यांच्याच जमिनीवर आहेत. जरा सांभाळून घे."

झालं! सहा गाळ्यांचा धनी, आणि एका कॉमिकसाठी खेटे घालतो? तिचा संशय दुप्पट झाला. मालकाचा मुलगा म्हणून सही खरी ठरवायची नाही, असं तिनं दात आवळून ठरवलं.

पुढचा आठवडाभर दीपेश रोज काही ना काही निमित्तानं येत राहिला. कधी शटरला ग्रीस, कधी पाण्याची टाकी, कधी विजेचा मीटर. पेढे नाहीत, चॉकलेट नाही. येताना काहीच आणत नाही म्हणजे चांगलाच मुरलेला दिसतोय, असंही तिला वाटून गेलं.

"मीटर कालच बघितला ना तुम्ही?"

"काल कनी... आकडा नीट दिसला न्हाय."

"आणि आज दिसला?"

"आज आकड्याकडं बघितलंच न्हाय," असं म्हणून तो शिडीवरून उतरला.

अपूर्वानं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि तिला स्वतःचाच राग येत होता.

तिनं तपासणीच्या जांभळ्या दिव्याखाली ते पान तीनदा धरलं. खरवडलेलं असतं तर कागदाची लव उठलेली दिसली असती. कागद जसाच्या तसा होता. रिकामी जागा खरोखरच रिकामी होती... तिच्यावर कधी कोणी काही लिहिलंच नव्हतं. मग नाव कुठं गेलं? ही जागा ठेवली कशासाठी? घरी पोळ्या लाटतानाही तिच्या डोळ्यांपुढे तेच पान.

"कोण तो?" माईनं, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं.

"कोणी नाही. एक खोटी सही आहे."

"खोट्या सहीपायी दोन पोळ्या करपल्या होय!"

शनिवारी तिनं कॉमिक त्याच्या हातात परत दिलं. "खात्रीपत्र मिळणार नाही. तारीखच खोटी आहे. त्यांचा हात तेव्हा चालत नव्हता."

"उजवा," दीपेश म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मॅडम, मला खोटं म्हना, चालंल. कारखानीस बाबांच्या सहीला खोटं म्हनू नका. उद्या अकलोलीला या, धा वाजता. कुंडापाशी धोंडूबाईची चहाची टपरी हाय. तिला इचारा."

धा वाजता म्हणाला ना? अपूर्वा साडेआठलाच अकलोलीत पोचली. साक्षीदाराला पढवायला वेळच मिळता कामा नये!

पौषातली थंडी होती. गरम पाण्याच्या कुंडांवरून वाफ उठत होती, आणि आंघोळीला आलेली माणसं त्या वाफेत अर्धीमुर्धी दिसत होती. टपरीवर दीपेश नव्हता. एक म्हातारी चहा गाळत होती. अपूर्वा तिच्याकडे वळणार, एवढ्यात तिला टपरीवरचा पत्रा दिसला.

पत्र्यावर 'धोंडूबाईचा चहा' असं रंगवलं होतं. अक्षरं वाकडी. बाजूला सर्जा खलाशी, हातात चहाचा ग्लास. खाली 'मा. का.' आणि होडी. शीड डावीकडे फुगलेलं.

तिनं जवळ जाऊन नखानं खरवडून पाहिलं. अर्धं शीड गंजानं खाल्लं होतं, रंगाला बारीक तडे गेले होते. आठ दिवसांत कोणी असा गंज चढवू शकत नाही.

"आजी, हे कोणी काढलं? दीपेशनं?"

"दीपेशनं?" धोंडूबाई खदखदून हसली. "त्याला भोपला काढता येत न्हाय! ते बाबांनी काढलंन. उजवा हात गेल्ता त्यांचा. दर साली यायचे, म्हैनाभर पान्यात हात घालून बसायचे. डाव्या हातानं शिकत व्हते पोरागत. दीपेशला ल्हानपनापास्नं त्यांच्या चित्रांचं येड, त्याच्या गाडीतनं त्यांना ठान्याहून आनायचा, पाठीवर घेऊन पायऱ्या उतरवायचा. बाबा त्याला शिकवायचे, कागद असा धर, तसा धर."

आरतीचं ताट धरावं तसा... अपूर्वाला राहनाळच्या धुळीतले त्याचे तळवे आठवले.

"तू ती सह्यावाली कं?" धोंडूबाईनं तिला निरखलं. "काल त्याचा फोन व्हता. म्हनला, एक पोरगी येल. माजी बाजू घेऊ नको. ती इचारंल ते खरं सांग. आनि धाला बोलावलंय, पन ती साडेआठलाच येल."

अपूर्वानं चहा घेतला. साखर जास्त होती.

दहाच्या ठोक्याला दीपेश आला, काखेत कॉमिक. ती कुंडाच्या पायरीवर बसली होती. तो दोन हात सोडून बसला.

"सही खरी आहे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "माझा नियम चुकीचा होता. मी... मी चुकले."

"पाय सोडा पान्यात. गार पडलेत."

तिनं पाऊल बुडवलं आणि चटकन वर ओढलं. "केवढं कढत!"

"पयल्यांदा चटका बसतो. मंग पाय काढवत न्हाय."

तिनं पुन्हा पाय सोडला. या वेळी काढला नाही. पण संशयाची सवय अशी सहजासहजी सुटत नसते.

"ती जागा," ती म्हणाली. "खोडलेलं काही नाही, मी दिव्याखाली बघितलंय. मग रिकामी का?"

दीपेशनं कॉमिक मांडीवर ठेवलं. "बाबांनी इचारलं, कोणाचं नाव लिहू? मी म्हनलो, माझं नको. मंग कोणाचं? मी म्हनलो... अजून ठरलं न्हाय. इतके हसले! 'प्रिय' लिवलं, जागा सोडली, 'हिला' लिवलं. म्हनले, ज्या दिवशी गावंल त्या दिवशी तिच्याच हातानं भरून घे."

"सात वर्षांत कोणीच सापडलं नाही?" तिनं डोळे बारीक केले. "खरं सांग. हे पान किती जणींना दाखवलंस?"

"तू म्हनलीस मला!"

"विषय बदलू नकोस."

"एकीला," तो म्हणाला. "ती म्हनली, खोटं हाय. आठ दिवस दिव्याखाली घालून बसली. मला म्हाईत व्हतं ती घालंल... म्हनून तर पयलं तपासाया दिलं. जिला सगल्याचा संशय, तिला आपली वस्तू न तपासता कशी देऊ? उद्या मनात आलं असतं, खरी हाय का न्हाय. मंग रोज तेच मनात."

वाफ दोघांच्या मधून वर जात होती. अपूर्वाला त्याचा चेहरा नीट दिसेना, आणि तिला तो आत्ता दिसायलाच हवा होता. ती एक हात सरकली.

"दीपेश, ऐक. ही त्यांच्या डाव्या हाताची सही आहे. अशी दुसरी बाजारात कुठंच नाही. जागा अशीच कोरी ठेवलीस तर पुण्याचा एक संग्राहक मागशील ते देईल. नाव पडलं की—"

"निम्मी. तूच सांगितलंस."

"पुन्हा पुसता येणार नाही."

"पुसायचंच न्हाय." त्यानं खिशातून बॉलपेन काढलं. "पन तुला नको असंल तर... न्हाय म्हन. कॉमिक घेऊन जाईन. मीटर पन बघाया येनार न्हाय."

त्याच्या आवाजात कुठं खोट आहे का, हे अपूर्वानं एकदा, फक्त एकदा, नीट कान देऊन पाहिलं. नव्हती.

"ते बॉलपेन ठेव आधी," ती म्हणाली.

दीपेशचा चेहरा उतरला. त्यानं पेन खिशात टाकलं आणि कॉमिक मिटायला घेतलं.

"थांब ना! असल्या पेनाची शाई जुन्या कागदावर पसरते." तिनं पर्समधून खात्रीपत्रांसाठी ठेवलेलं काळं पेन काढलं. वाफेनं दमट झालेले हात ओढणीला पुसले. जुन्या कागदाला कधी पेनाचं टोकही न लावणारी ती मुलगी कॉमिकवर वाकली आणि त्या दोन बोटांच्या जागेत तिनं लिहिलं... अपूर्वा.

दीपेश त्या नावाकडे नुसता बघत राहिला. मग त्याचा तो एक डोळा जास्त मिटला, आणि या खेपेला त्यात पाणी होतं.

"आता खात्रीपत्र," नाक ओढत अपूर्वानं कोरा फॉर्म काढला. 'सही: खरी. डाव्या हाताची. स्वतः जाऊन पडताळली.' खाली दोषांचा रकाना होता. तिनं तोही भरला: 'आतल्या पानावर एका मुलीचं नाव. किंमत निम्मी. विकायचं नाही.'