तिसरी हाक

युनूसचाचांनी गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसले. लाइट गेली होती. सोनूनं मोबाइलची बत्ती लावली.

"बंद कर ते. आपल्या परवेजसंगं घडलं ते सांगतो. माझा सख्खा भाचा."

"भूत कॉम्प्युटरमधी होतं म्हणे, चाचा?" अंकुर हसला.

"आधी ऐक. मंग दात काढ."

मागच्या साली तान्ह्या पोळ्याची रात्र. परवेज फुलसावंगीला घरीच होता. आर्णीच्या बाहेर हरिसिंगभाऊंचं अंडी उबवायचं केंद्र आहे. तिथला कॉम्प्युटर परवेज घरूनच चालवायचा. लॅपटॉपवर काळा पडदा उघडायचा, पासवर्ड द्यायचा, की तिथला पंखा अन् हीटर त्याच्या हाताखाली. हरिसिंगभाऊ कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावून नांदेडला निघाले होते.

"उद्या पिल्लं निघतात रे."

"मी आहो ना भाऊ, बिनघोर जा," परवेजनंच सांगितलं होतं.

पूर्वी तिथं चौकीदार असायचे, उत्तमसिंगकाका. तंबाखू चोळून चोळून अंगठा चुन्यानं पांढरा. रात्री दोन हाकांना ओ द्यायचे नाहीत. "भूत दोनदाच बलावते, तिसऱ्यांदा मानूसच," म्हणायचे. तिसऱ्या हाकेला विचारायचे, "कोन हाय?" नाव सांगितल्याशिवाय कडी काढत नसत. पोळ्याच्या महिनाभर आधी त्याच खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले.

साडेअकराला परवेजचा मोबाइल वाजला. तिथला पंखा बंद पडला होता. हीटर चालूच. उष्णता चढत होती.

त्यानं पासवर्ड टाकला. त्या पडद्यावर पासवर्डची अक्षरं दिसत नाहीत, अंदाजानंच टाकायची. नाकारला. मोठ्या अक्षरांचं बटन चुकून दाबलं गेलं का, पाहिलं. नव्हतं. भाऊंना फोन लावला.

"पासवर्ड बदलवला का तुमी?"

"मले कायले येते ते? तोच हाय. काहून रे?"

"काही नाही... पाहून राह्यलो."

गाडी काढावी तर नाल्याच्या पुलावरून पाणी. एकेक अक्षर पुटपुटत त्यानं पुन्हा टाकला. नाकारला.

तीनदा चुकलं की कॉम्प्युटर दारच लावून घेते. परवेजनं बोटं सदऱ्याला पुसली. टाकला.

या वेळी नाकारला नाही.

उघडलंही नाही.

नुसता काळा पडदा... मग खाली, आपोआप, एकेक अक्षर उमटलं.

कोन हाय?

नाव टाकायचं, बस. परवेज. एवढंच. बोटं बटनांवरच होती. हलेनात. मोबाइलवर आकडा चढत होता. एकोणचाळीस... चाळीस...

कोन हाय?

हात आपला वाटेना.

मग पडदा मिटला.

चाचा थांबले. बाहेर कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

"मंग... पिल्लं?" अंकुरनं हळूच विचारलं.

पहाटे पाणी उतरल्यावर परवेज गेला. हरिसिंगभाऊही तेवढ्यात पोचले. कुलूप जसंच्या तसं. त्यांनीच उघडलं. आत एकही पिल्लू जिवंत नव्हतं. परवेज कॉम्प्युटरपाशी गेला. महिनाभर कोणी तिथं बसलं नव्हतं. सगळ्या बटनांवर धूळ होती. फक्त एंटरच्या बटनावर अंगठ्याएवढा चुना लागला होता.

परवेजनं बोट लावलं.

ओला होता.