रिकाम्या गाडीचं वजन

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं, ते मामा आजही रोज सकाळी गॅरेज उघडतात.

आणि भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी आधीच सांगितलेलं बरं...

ती शनिवारची भरदुपार होती.

जुनी, वेगवान गाडी घ्यायची तर लोक आधी मामांना दाखवायचे. मामा गाडीकडे सासूच्या नजरेने बघत. त्यांच्या तोंडून "चालेल" निघालं, की लोक पेढ्यासारखं ते घरी घेऊन जात.

त्या दिवशीची गाडी मात्र त्यांच्या भाच्याने पसंत केलेली. थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. ताईने सकाळीच बजावलं होतं, "तू हो म्हणालास तरच घेऊ दे. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, तुझ्या भिडेचा नाही."

निळी, बसकी स्पोर्ट्स कार. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी. भाचा तिच्याभोवती नुसता घुटमळत होता.

मामांना पहिली शंका दारातच आली. गाडी चालू होती, तरी विकणाऱ्याने ती ट्रकवर चढवून आणली. उतरवतानाही बाहेरच उभा राहिला आणि खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं.

तो आत बसलाच नाही.

मामांनी विचारलं, तर म्हणाला कंबर धरली आहे. चावी टेबलावर टाकून चहाला जो गेला, तो गेलाच.

मामांनी रंग तपासला, ब्रेक तपासले. चारही टायर सारखे झिजलेले. असल्या गाडीत एक टायर जरी वेगळा निघाला, तरी पुढे गिअरबॉक्स बोंबलतो. इथे सगळं चोख होतं.

इतकं चोख, की मामांचा संशय वाढला.

मग त्यांनी काटे काढले. चार चाकांखाली चार वजनकाटे, ही त्यांची रीत. ठोकून सरळ केलेली गाडी रंगात लपते, वजनात नाही.

आकडे आले. ड्रायव्हरच्या बाजूला... भार जास्त.

एका भरल्या अंगाच्या माणसाइतका.

मामांनी काटे आपसांत बदलले. तो भार त्याच बाजूला राहिला. सीटखाली लोखंड? पत्र्यात जोड? टॉर्च घेऊन सगळं धुंडाळलं. काहीच नाही.

वाऱ्याने आकडा हलत असेल म्हणून पंखा बंद केला. गॅरेज एकदम गप्प झालं.

आकडा हलतच होता... किंचित वर, किंचित खाली.

संथ. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

पुढची चूक मामांच्या हातून सवयीने झाली. रिकाम्या गाडीनंतर माणूस बसवून दुसरं वजन घ्यायचं, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं. तोंडातून निघून गेलं, "बस जरा."

भाचा टुणकन बसला. दार लावलं.

गाडी दबली नाही. आकडा... तिथेच.

"उतर," मामा म्हणाले.

"अरे मामा, आत्ता तर बसलोय."

"उतर म्हणतो ना."

भाचा उतरला. आकडा झरझर खाली आला. दोन्ही बाजू जुळल्या. रिकाम्या गाडीचं असायला हवं, तेच वजन, तंतोतंत.

"मी उतरलो, वजन कमी झालं. त्यात काय एवढं?" भाचा हसला.

मामांना हसता आलं नाही. काट्यावरचा आकडा आता हलत नव्हता. गाडी खरंच रिकामी झाली होती...

गाडी घ्यायची नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. वाटलं, पोरगा आकाशपाताळ एक करेल.

"नको तर नको," भाचा म्हणाला. जिच्यासाठी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं, तिच्याकडे त्याने वळूनही बघितलं नाही.

विकणारा परतला. नकार ऐकून त्याचा चेहरा जराही उतरला नाही. क्षणभर गाडीकडे बघत राहिला. मग दार उघडून आत बसला आणि स्वतः चालवत निघून गेला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा जीव भांड्यात पडला होता. "बरं झालं नाही म्हणालास. मला वाटलं रुसून बसेल, पण गुपचूप घरी आला बघ."

मग तीच पुढे म्हणाली,

"फक्त जिना चढताना पावलं फार जड वाजली रे. इतकी कधी वाजत नाहीत. दमला असेल, हो ना?"

मामा हो म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते?