टबातली बहात्तरची पेनी

तो दुकानात शिरला तो नाण्यांसाठी नव्हेच. बाहेर गारा झोडपत होत्या म्हणून. आणि शिरल्या शिरल्या त्याच्या कोपराने काउंटरवरचा पेन्यांचा, म्हणजे जुन्या एक सेंटच्या नाण्यांचा, टब उलटा केला.

"खरं सांगतो, मी रोज असा नसतो," तो गुडघ्यांवर बसत पुटपुटला.

"म्हणजे एरवी याहून धांदरट?" कोरीन त्याच्यासमोर बसत म्हणाली.

तो हसला आणि एक पेनी उचलली... दोन बोटांनी, फक्त कडेला धरून. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या छोट्या गावात, वडिलांच्या नाण्यांच्या दुकानात वाढलेली कोरीन माणसाची पारख त्यावरूनच करायची. नाण्याच्या तोंडावर अंगठा दाबून डाग पाडणारा तिच्या मनातून तिथेच उतरायचा. हा मात्र उतरला नाही. नाव एल्डन, शाळेत मुलांना ट्रम्पेट शिकवायचा.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. टबातली कुठलीही पेनी दहा सेंटला. त्यात घबाड लागलं तर ते शोधणाऱ्याचं, दुकानदाराने हूं की चूं करायचं नाही, हा तिथला रिवाज. पण घबाड काय रोज लागतं? हा कंटाळला आणि यायचा थांबला तर... या धास्तीने कोरीनने स्वतःच्या संग्रहातली लाडकी, शेकडो डॉलर किमतीची पेनी गुपचूप टबात सोडली. १९७२ची 'डबल डाय'. तिचा साचाच चुकून दुहेरी घडलेला, त्यामुळे साल आणि अक्षरं जोडीने उमटलेली. नाण्यावरच्या लिंकनच्या कानापाशी एक बारीक ओरखडा.

एल्डनने भिंग लावून अख्खा टब उपसला, काही साध्या पेन्या घेतल्या आणि गेला. बहात्तरची टबातच राहिली. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. एवढं ढळढळीत याला दिसत कसं नाही, म्हणून तिला राग यायचा आणि तो दारात दिसला की हसूही यायचं.

अशात वडिलांनी टब एका ठोक गिऱ्हाइकाला विकला. टब गेला की याला यायला कारण काय उरणार?

"आज शेवटचं बघून घे," ती शनिवारी म्हणाली. "सोमवारी टब जातोय. नाहीतरी तुला डबल डाय कशाशी खातात ते माहीत नाही."

"बहात्तरची. कानापाशी ओरखडा," एल्डन मान खाली घालूनच म्हणाला. "टबात आली त्याच शनिवारी दिसली."

"मग घेतली का नाहीस?"

"तुझे वडील बहात्तरची एकूण एक पेनी भिंगाखाली घालूनच टबात टाकतात. म्हणजे ही तू टाकलीस. आणि... घेतली असती, तर पुढच्या शनिवारी काय शोधायला आलो असतो?"

कोरीनचे कान तापले.

एल्डनने ती पेनी शोधून काढली, कडेला धरून खिशात ठेवली आणि दहा सेंट काउंटरवर ठेवले. कोरीनला वाटलं, घेतली म्हणजे संपलंच की.

"आता शोधायला काही उरलं नाही," तो हळूच म्हणाला. "नुसता आलो तर चालेल? तुझ्यासाठी?"

कोरीनने ते दहा सेंट परत त्याच्या हातात ठेवले. त्याचा हात तिने सोडला नाही.

"शनिवारी नको, गिऱ्हाइकं असतात," ती म्हणाली. "उद्या ये. उद्या दुकान बंद असतं."