वायरीला तीन गाठी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द पदरचा नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. रविवार, दुपारचे तीन. भिवपुरीजवळचं अंध मुलींचं वसतिगृह.

भोईर सर तिथे दर रविवारी रोबोटिक्स शिकवायला जात. कर्जतजवळच्या एका कॉलेजात ते त्याच विषयाचे प्राध्यापक. मुली हातानं चाचपून छोट्या गाड्या जोडायच्या. भिंतीला टेकली की आपोआप वळणारी गाडी.

वायरींचे रंग त्यांना काय कामाचे? त्यावर तोड काढली होती जनानं. तिथलीच, पंधरा वर्षांची. बॅटरीच्या वायरीला एक गाठ, मोटरच्या वायरीला दोन, सेन्सरच्या वायरीला तीन.

सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. नाव एकट्याचं घातलं. शाळकरी पोरीचं नाव कोण छापतं, अशी मनाची समजूत काढली. त्याच निबंधावर ते प्राध्यापक झाले.

जना विचारायची, "सर, माजं नाव कुठं हाय त्यात? माजं बोट ठेवून दावा ना."

सर म्हणायचे, पुढच्या वेळी.

मग ती तापानं गेली.

गाठी पुन्हा हाताला लागू नयेत म्हणून त्या रविवारी सरांनी वेगवेगळ्या आकारांचे प्लग लावलेल्या नव्या वायरी आणल्या होत्या. सीलबंद पुडे त्यांनी स्वतः फोडले. जनाच्या वेळच्या मुली केव्हाच बाहेर पडल्या होत्या; या नव्या मुलींना गाठींचं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

वीज गेली. पंखा थांबला...

आणि त्या शांततेत हर्षलाची गाडी चालू लागली.

हर्षलाचा तो पहिलाच दिवस होता.

गाडी भिंतीला टेकली... वळली... सरांच्या पायाशी येऊन थांबली.

त्यांनी ती उचलली. वायरींना गाठी होत्या.

एक... दोन... तीन.

"कुणी बांधल्या गं?"

"ही काय, बाजूची." हर्षला हसली. "हात लई गार हाय हिचा."

बाजूची जागा रिकामी होती.

"नाव विचारलं तर सांगत नाय. म्हनते, सरांना विचार."

सगळ्या मुलींचे चेहरे सरांकडे वळले.

दोन अक्षरं. तेवढीच उच्चारायची होती.

"तिथं कोणी नाही, हर्षला," सर म्हणाले.

हर्षलाचं हसू मावळलं. तिनं बाजूच्या बाकावरून सावकाश हात फिरवला...

"गेली," ती म्हणाली. "रडत गेली, सर."

हे सगळं सांगतानाही सर 'ती मुलगी' एवढंच म्हणत राहिले. जना हे नाव वसतिगृहाच्या जुन्या हजेरीवहीतून शोधावं लागलं.

आता ते इथं लिहिलं आहे. पण लिहिणाऱ्याला चैन नाही... कारण ते लिहायचं होतं दुसऱ्याच कुणीतरी.